वसुधाची अर्धी कादंबरी

हिवाळा जवळ आला की जयपूरच्या उन्हाला वास येऊ लागतो. गच्च्यांवर पसरलेल्या रजयांमधला वर्षभर कोंडलेला कापूस, कुणी वाळत घातलेली मेथी, खाली हातगाडीवर भाजल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचा खमंग धूर, असं सगळं त्या उन्हात विरघळून वर येतं आणि माणूस उगाचच सुस्तावतो. विद्याधर नगरातल्या माझ्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर अशाच एका रविवारी मी रजई झटकत होतो, तेव्हा तिच्या घडीतून एक पुस्तक धपकन खाली पडलं. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर पाठमोरी उभी असलेली एक मुलगी, आणि खुणेसाठी मधल्या पानात खोवलेली केसांची पिन. पिन ओळखीची होती. माझी बायको वसुधा दिवाळीला येऊन गेली, तेव्हा तिची कादंबरी इथेच राहिली होती.

मी बँकेतला माणूस. निवृत्ती दिसू लागली असताना बदली झाली आणि नाशिकहून इथे आलो. वसुधा नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवते. ती तिथेच राहिली. प्रेमकथा नावाचा प्रकार मी उभ्या आयुष्यात वाचला नव्हता. तो वाईट असतो असं मला वाटत नव्हतं. तो आपल्यासाठी नसतो एवढंच ठाऊक होतं. पण परमुलखात भाषेची भूक मोठी विलक्षण असते! इथे दुकानांच्या पाट्यांपासून बसच्या पाठीपर्यंत सगळीकडे देवनागरीच. अक्षरं सगळी आपली, पण ती एकत्र येऊन जो शब्द होतो तो शेजाऱ्याचा. त्या उन्हात समोर एक अख्खं मराठी पान उघडं पडलेलं दिसलं आणि मी रजईवरच मांडी घालून बसलो.

गोष्ट साधी होती. मुक्ता नावाची मुलगी आपल्या गावात रोपवाटिका चालवते. समीर नावाचा अभियंता रस्ता रुंद करण्यासाठी मोजणी करायला येतो, आणि त्याची रेषा नेमकी तिच्या चिंचेच्या झाडातून जाते. आधी भांडण, मग चहा, मग कारण नसताना होणाऱ्या भेटी. हे दोघे एकमेकांचे होणार हे मला दुसऱ्याच पानावर कळलं होतं. तरीही ऊन भिंतीवर चढेपर्यंत मी तिथून हललो नाही. का बरं? जे होणार हे ठाऊक आहे, ते वाचण्यात कसलं सुख? मैफलीत सम कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. गवई तिथे येणार हेही माहीत असतं. तरी तो कुठल्या वळणाने, किती रेंगाळत येतो हे ऐकण्यासाठी आपण जीव कानांत आणून बसतोच ना? प्रेमकथेचंही तसंच असावं. उत्कंठा शेवटाची नसते, वळणांची असते.

सोमवारी सांगानेरच्या शाखेकडे जाताना पुस्तक माझ्या पिशवीत होतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या आमच्या शाखेतल्या शेखावतजींनी गुलाबी मुखपृष्ठाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “साहब, भाभीजी की किताब है?”

“हाँ, उन्हीं की है,” मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं.

“पर पढ़ तो आप रहे हैं,” ते म्हणाले. “मतलब अच्छी होगी.”

त्याच संध्याकाळी वसुधाचा फोन आला. “अहो, माझं पुस्तक तिकडे राहिलंय का? घरभर शोधलं.”

“आहे. कुरिअरने पाठवतो.”

“नको, येईस्तोवर माझा दम निघायचा नाही. वाचूनच दाखवा ना! पिन लावलीय ना, तिथून पुढे.”

मी हसण्यावारी नेलं. पण तिचा आग्रह खराच होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी कुकर गॅसवर चढवून मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचो, फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवायचो आणि वाचायचो. पहिले काही दिवस माझा आवाज व्याजदर जाहीर केल्यासारखा निघत असे. “जरा हळू,” ती तिकडून म्हणायची, “तो तिचा हात हातात घेतोय, सही नाही घेत.” मग हळूहळू मला लय सापडली. आमचं लग्न ठरवून झालेलं. संसार नेटका झाला, कुणाची तक्रार नाही. पण ‘तुझ्याशिवाय’ हा शब्द मी इतक्या वर्षांत तिला एकदाही म्हटला नव्हता, आणि आता कुकरच्या शिट्ट्यांमधून जागा काढत, समीरच्या नावावर, रोज म्हणत होतो! तिकडून कधी हसू यायचं, कधी नुसता श्वास. कादंबरी एकट्याने वाचणं आणि कुणासाठी तरी वाचणं यांत किती अंतर आहे! एकट्याने वाचताना आपण पात्रांमागे चालतो. दुसऱ्यासाठी वाचताना पात्रं आपल्या गळ्यातून चालत जातात, आणि जाताना तिथे काहीतरी ठेवून जातात.

मग ते प्रकरण आलं. समीरची बदली होते. तो मुक्ताला म्हणतो, “चल माझ्याबरोबर, रोपं काय, तिकडेही लावता येतील.” आणि मुक्ता म्हणते, “कुंडीतली नेता येतात रे. जमिनीत लागलेली नाही.”

माझा आवाज तिथे अडखळला. दिवाळीत मी वसुधाला म्हटलं होतं की तू आता स्वेच्छानिवृत्ती घे आणि इकडे ये. ती “बघू” म्हणाली होती. येत्या जूनमध्ये ती मुख्याध्यापिका होणार होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही काढला नव्हता.

“पुढे वाचा,” फोनवरून वसुधा म्हणाली.

“उद्या,” मी म्हटलं, आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी उरलेली पानं वाचून टाकली. आणि खट्टू झालो. मुक्ता रोपवाटिका सोडत नाही, समीर नोकरी सोडत नाही. ते लग्न करतात आणि दोन गावांत राहतात. हा काय शेवट झाला? एवढी वळणं घेऊन समेवर न येणारी ही कसली मैफल! आणि मग, सांगानेरच्या थांब्यावर उतरता उतरता, एक विचार मनात शिरला. पुस्तक माझ्यापाशी. ती ऐकणार. मी वाचेन तोच शेवट!

संध्याकाळी मी घसा साफ करून सुरुवात केली. काही पानं जशीच्या तशी वाचली. मग पुस्तकावरून नजर काढली आणि म्हणालो, “अखेर मुक्ताने पूर्ण विचारांती सदर रोपवाटिका बहिणीच्या स्वाधीन केली आणि ती समीरच्या नियुक्तीच्या ठिकाणी कायमस्वरूपी वास्तव्यास गेली.”

“थांबा,” वसुधा म्हणाली. “काय केली? सदर रोपवाटिका?”

मी उगाचच एक पान उलटलं.

“अहो, मी जन्मभर पोरांचे निबंध तपासलेत. हे वाक्य पुस्तकातलं नाही. हे तुमच्या बँकेच्या पत्रातलं आहे.” आणि ती अशी खळखळून हसली की मलाही हसू आवरेना. हसणं ओसरलं, तेव्हा तिने विचारलं, “तिने जायला हवं होतं, असं वाटतं तुम्हाला?”

“हो.”

“मुक्ताने?”

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला. “नाही,” मी म्हटलं. “तू यायला हवं होतंस. घरी आलो की कुणाशी बोलावं कळत नाही. तुझ्याशिवाय करमत नाही मला.”

समीरचा शब्द माझ्या नावावर पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

ती म्हणाली, “दिवाळीत हे कुठे म्हणालात? तेव्हा म्हणालात, नोकरीत आता उरलंय काय, दोन-दोन बिऱ्हाडं कशाला.”

“हे म्हटलं असतं तर आली असतीस?”

“नसते आले.” तिचा आवाज किंचित ओला झाला होता. “शाळा नाही सोडवत मला. ते पद हवंय, मनापासून हवंय. पण थोडं रडले असते. आणि ‘बघू’ म्हणून तुम्हाला टांगून नसतं ठेवलं.”

हिशेब म्हणून पाहिलं तर मला नकार मिळाला होता. पण इतके दिवस छातीत अडकून बसलेलं काहीतरी निघून गेलं होतं, हेही खरं. माणसाला होकाराइतकीच स्पष्टतेचीही तहान असते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“आता खरा शेवट वाचा,” ती म्हणाली.

मी वाचला. शनिवारची बस फाट्यावर थांबते. मुक्ता मातीच्या हातांनीच धावत आलेली असते. समीर उतरतो, आणि ती त्याच्यावर चिडते की खिडकीत का बसला नाहीस, वळणावरून तू दिसला असतास. एवढंच. सकाळी बसमध्ये एकट्याने वाचताना जो शेवट मला अपुरा वाटला होता, तो तिच्यासाठी वाचताना काठोकाठ भरलेला वाटला. ओळी त्याच, डोळे तेच. मग बदललं काय होतं?

नाताळच्या सुट्टीत वसुधा जयपूरला आली. एका दुपारी आम्ही जवळच्या कानोत्याला धरणाच्या काठावर जाऊन बसलो. तिने पिशवीतून नवी कोरी कादंबरी काढली आणि म्हणाली, “आज तुम्ही ऐका.” पाण्यावर ऊन थरथरत होतं. ती वाचू लागली, आणि थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की नायकाची वाक्यं ती माझ्याच आवाजात वाचते आहे: तेच घसा साफ करणं, तेच मध्ये थांबणं.

“मी असा बोलतो?” मी विचारलं.

“पूर्वी नव्हता बोलत,” पान उलटत ती म्हणाली. “आता बोलता.”