पहिल्या तासातला वडा

मिलिंद वडा खायच्या आधी तो कानाशी धरायचा. दोन बोटांनी हलकेच दाबून कुरकुर ऐकायचा, मग डोळे मिटून एक घास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "रॅम लय हाय, प्रोसेसर न्हाय." म्हणजे बटाटा भरपूर, मिरची कमी. चौलच्या नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. नवं गिऱ्हाईक हा प्रकार बघून आपला फोन परत मागावा की काय, अशा विचारात पडायचं.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. मी त्याच शाळेत शिक्षक झालो आणि तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कंप्युटरवर बसला. काही वर्षांनी कंटाळून गावी परतला, दुकान टाकलं आणि एक दिवस मला म्हणाला, "मास्तर, पोरांना शिकवून घसा फुकट घालवतोस. माझ्यासंगं पॉडकास्ट कर." तो म्हणेल ते करायची मला लहानपणापासूनची सवय. नावही त्यानेच ठेवलं, 'बटाटा आणि बटण'. दर भागात एक यंत्र उघडायचं आणि एक खाऊ चाखायचा.

सुरुवात ठरलेली असायची. "जय भीम, नमस्कार, सलाम! भूक लागली असंल तर आधी खाऊन या, आमी थांबतो." आणि हा माणूस खरोखर थांबायचा. मी खुणा करून थकायचो, पण हा आपला माइकसमोर गप्प. एका भागात परग्रहावरून पाहुणे उतरले तर त्यांना काय खायला घालायचं, यावर आमचं भांडण जुंपलं. मी म्हटलं पोहे. तो उसळला, "पोहे दिलेस तर त्यांना वाटंल, पोरगी बघायला बोलावलंय. सुका बोंबील भाजून दे. ऱ्हायले तर आपले, पळाले तर पळाले!"

ऐकणारे फार नव्हते, पण जे होते ते कट्टर. दुबईतला एक ड्रायव्हर तर प्रत्येक भागाखाली मिलिंदशी भांडायचा. वड्याबरोबर हिरवी चटणी की लसणीची, यावर दोघांनी एकमेकांचे पूर्वज बाहेर काढले होते. मिलिंद ती भांडणं बायकोला, सुजातावहिनींना, जेवताना वाचून दाखवायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या. मीठ बंद, बटाटा बंद, पाणीसुद्धा मोजून. आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस. मी मनातल्या मनात कार्यक्रमावर पडदा टाकला होता. पण एका सकाळी त्याने पिशवीत माइक घातला आणि मला मोटरसायकल काढायला लावली.

तिथल्या पेशंटांची एक रीत होती. मशीन लागलं की पहिल्या तासात प्रत्येक जण घरून चोरून आणलेला एखादा वर्ज्य पदार्थ घासभर खायचा. नंतरचे तीन तास मशीन तो धुऊन काढतं, असा त्यांचा पक्का समज. डॉक्टर रागवायचे, सिस्टर पाठ फिरवून सलाईन तपासत राहायच्या. कुणाची केळ्याची चकती, कुणाचं लोणचं, मिलिंदचा अर्धा वडा. आमचे पुढचे सगळे भाग त्या पहिल्या तासात झाले. मधेच मशीन ओरडायचं. हा माइकमध्ये सांगायचा, "आमचा सर्व्हर जुना हाय, जरा वरडतो. तुमी लक्ष देऊ नका."

ऐकणाऱ्यांना खरं सांग, असं मी अनेकदा म्हटलं. एकदाच तो माझ्यावर चिडला. "आजारी मान्साशी कोन भांडतो, मास्तर? उद्यापास्नं सगळी गोड बोलाय लागतील. तो दुबईवाला पन म्हनंल, तुमचीच चटनी बरोबर. मला न्हाय चालनार. दवाखान्यात मी पेशंट, घरात पेशंट. येवड्या एका जागी तरी मला मिलिंद ऱ्हाऊ दे."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

शेवटच्या भागात त्याने घास घेतला आणि खूप वेळ चघळत राहिला. मग माइकवर हात ठेवून म्हणाला, "चव लागत न्हाय रं." मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला. "हे काप," म्हणाला, हात काढला आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "वडा पास!" मी तेवढं कापलं. आठवडाभरातच, दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली माणसं पांगली. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या. "भावजी, पॉडकास्टवर लोक काय लिवतात?" मी फोन काढला. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच काही कळवलं नव्हतं. नवा भाग कुठे, आळशी झालात काय, अशा शिव्यांची रांग लागली होती. मी त्या वाचून दाखवत होतो, पण दुबईवाल्याचं वाक्य दिसलं आणि थबकलो. वहिनींनी फोन हातातून घेतला. त्याने लिहिलं होतं, "काय रे बटाट्या, मेलास की काय?"

वहिनी हसल्या. हसता हसताच त्यांना रडू कोसळलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्याला व्हय म्हनून लिवा. भांडतोय तवर सांगा, दुसरीकडनं कळलं तर गोड बोलाय लागंल."

मी 'हो' लिहिलं. खाली सहीसारखं 'मास्तर' टाकलं.

लगेच उत्तर आलं, "खोटं बोलू नका मास्तर. त्याला फोन द्या, मला भांडायचंय."