वनजाचे स्फटिक इटलीला जातात

आमची भाची वनजा हट्टी आहे. तिच्या तोंडावर मी हे रागानं सांगतो आणि माघारी अभिमानानं. पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणाऱ्या आमच्या म्हैसूरच्या घराण्यातली ही पोरगी रेशमाचे किडे मारणाऱ्या विषाणूच्या मागे लागली. त्यातल्या एका प्रथिनाचा नेमका आकार कळला, तर त्याला रोखायचं औषध शोधता येईल म्हणते. त्यासाठी प्रथिनाचे मिठाच्या कणाएवढे स्फटिक करायचे आणि क्ष-किरणांच्या अवाढव्य यंत्रासमोर धरायचे. तसलं यंत्र इटलीत. देशोदेशीचे लोक ते पाळीपाळीनं वापरतात. वनजानं अर्ज केला आणि तिलाही एका संध्याकाळची वेळ मिळाली. स्फटिक अतिथंड डब्यातून पाठवायचे आणि आपण इथं म्हैसुरात, कुवेंपुनगरच्या घरी संगणकावर बसून काम चालवायचं.

डबा निघाला नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे स्कूटरपासून सुरीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. वनजानंही प्रयोगशाळेतल्या यंत्रांबरोबर डब्याच्या झाकणाला ठसठशीत कुंकू लावलं. बंगळूरच्या विमानतळावर डबा अडला. ही तांबडी पूड कसली? खुलाशाचं पत्र द्यायचं कुणी, तर प्रयोगशाळेतले साहेब सगळे दसऱ्याच्या सुट्टीवर. डबा सुटेपर्यंत आतली थंडी सरत चालली होती. वनजानं इटलीत ते यंत्र सांभाळणाऱ्या लुचियाला फोन करून सरळ सांगून टाकलं, "कुंकू मीच लावलं. चूक माझी."

ठरलेल्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसलो होतो. लुचियानं तिकडे पहिला स्फटिक यंत्रावर चढवला. पडदा कोरा. दुसराही तसाच, तिसराही. माझा जीव टांगणीला लागला.

"वितळले गं सगळे," मी म्हणालो.

"अय्यो मामा, सुम्ने, गप बसा. तळातले अजून गार असतील, नोडोणा, बघू या."

आणि तळातल्या एका स्फटिकानं पडदा ठिपक्यांनी भरून टाकला. त्या ठिपक्यांवरूनच प्रथिनाचा आकार काढतात. वनजानं टेबलावर हात आपटला. मला काही कळलं नव्हतं, तरी मी टाळ्या वाजवल्या.

आमची वेळ अजून संपली नव्हती आणि डब्यात स्फटिकही शिल्लक होते. एवढ्यात लुचिया म्हणाली, केनियाच्या मुलींची वेळ काल यंत्र बिघडल्यानं वाया गेली, त्यांचे स्फटिक इथंच पडून आहेत.

"माझं काम भागेल एवढं मिळालं," वनजा म्हणाली. "राहिलेला वेळ त्यांना द्या."

माझं डोकंच फिरलं. "वेडी आहेस की काय? पुढचा आणखी चांगला निघाला असता तर?"

"निघाला असता. पण मामा, आज आपला डबा पोचलाच नसता, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?"

 मी उठून पोरीसाठी कॉफी करून आणली.

केनियाच्या दोघी पडद्यावर आल्या. त्यांचा पहिला स्फटिक कोराच गेला. धाकटीचा चेहरा उतरला. वनजानं खुर्ची पुढं ओढली आणि इंग्रजीत म्हणाली, "घाबरू नका. दुसरा लावा."