उष्टी हळद

"तोंड हाय का करपलेला टोप? घासतेस काय अशी!" असं ओरडत ती समोरच्या पोरीच्या हातावर फाडकन चापट मारायची. माझं ब्लाउज शिवायचं दुकान खांदा कॉलनीत, तिच्या पार्लरला लागून. मधल्या भिंतीतून चापटांचा आवाज मला ऐकू यायचा. गिऱ्हाइकाला मारणारी पार्लरवाली तुम्ही कुठे पाहिली असेल तर मला सांगा.

मुरुमांची पोरगी आली की ही फेशियल करायचीच नाही. आधी बेसिनपाशी उभी करायची. साबणाचा फेस तळहातावर करायचा, बोटांची टोकं तेवढी गालावर फिरवायची, मग साधं पाणी, आणि पोरीच्या स्वतःच्याच नॅपकिनने टिपून घ्यायचं. घरीपण हेच, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस. मुरूम फोडणाऱ्या पोरीचं तर ती बोटच पिरगाळायची. पोरगी कळवळली की म्हणायची, "दुखलं ना? गालाला पन दुखतं." पोरी शिव्या घालत जायच्या आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन यायच्या.

तिच्या स्वतःच्या गालांवर खड्डे होते. एकदा चहा पिताना मी विचारलं, तर सहज म्हणाली, "बगाया येनार होते. भावानं केस धरले नि काथ्यानं घासलं. रगत येस्तवर."

सुकापूरची एक पोरगी लग्न ठरल्यावर तिच्याकडे यायला लागली. चेहरा मुरुमांनी भरलेला. उलव्याच्या नवरदेवाने साखरपुड्यातच सगळ्यांसमोर तिची टिंगल केली होती. दिवाळीपर्यंत चेहरा निवळला. हसताना तोंडावर हात धरायची पोरीची सवय गेली. ही इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने कुणालाच मारलं नाही.

हळदीला आम्ही दोघी गेलो. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद इकडे नवरीला लावतात, आणि लावताना मस्करी चालतेच. ती हळद घेऊन नवरदेवाचा थोरला भाऊ आला, तर्र होऊन. ही आडवी आली.

"दादा, कपालाला बोट लावा. गालाला नको. कातडी अजून कवली हाय."

"पार्लरवाली आमाला शिकवनार?" म्हणत त्याने पोरीचे केस धरले आणि मूठभर हळद तिच्या गालांवर रगडायला लागला. पोरगी किंचाळली. पिवळ्यात रक्त उतरलं. लोक हसत होते, त्यांना मस्करीच वाटली.

हिने पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दात पडला. मग त्याचे सोबती हिच्यावर तुटून पडले. आधी खुर्च्यांनी, ती खाली पडल्यावर लाथांनी. मी एकाच्या हाताला कडकडून चावले, तर त्याने मला भिरकावून दिलं. डीजे चालूच होता.

आणि पोरीचा बाप काय करत होता? नवरदेवाच्या भावापुढे हात जोडून माफी मागत होता. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

पोरगी उठली. पाण्याच्या पिंपापाशी गेली आणि ओंजळीने हळद धुवायला लागली. घाई नाही, घासणं नाही.

"पोरी, हलद उतरवू नको, लगीन मोडंल!" बाप ओरडला.

"मोडलंच," ती म्हणाली आणि पदराने चेहरा टिपून घेतला.

हिने यातलं काहीच पाहिलं नाही. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा मी सगळं सांगितलं. जबडा बांधलेला, बोलता येत नव्हतं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मी हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मारणारे आत आहेत, केस चालू आहे. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे वण आठवडाभर होते. ते मिटले त्या दिवशी मी मशीन बंद केली आणि ढसाढसा रडले.