वर्ग कोणाचा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली एखादी गोष्ट उरली आहे म्हटलं तर मला ओळखणारे हसतील! लग्नात मला कुणी निवांत जेवू देत नाही, मधोमध उभा करतात. कंडक्टरची नक्कल करा सर, साखर कारखान्यातल्या भाषणाची करा. मीही लाजत नाही. हात वर, आवाज खाली, मग एक थांबा — तो थांबा महत्त्वाचा — आणि सगळा मांडव हसून लोळतो. इतका बोलका माणूस एकच गोष्ट पोटात ठेवतो, तर ती कसली असेल?

अंथुर्ण्याच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई होत्या. अबोल. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसायचो आणि मी — विश्वास ठेवा — गप्प बसायचो. त्यांच्याजवळ गंमत करून दाखवावी लागायची नाही.

शांतता-शिक्षण आणि मानवी हक्क यांच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाची जाहिरात मीच शाळेत आणली. फी माफ, राहण्या-जेवणाचा खर्च, वर पगारी रजा. आमच्या तालुक्याला जागा एकच. मला काय, वर्षभर शाळा चुकवायची होती. मास्तरलाही वाटतं हो तसं! बाईंना मात्र खरंच शिकायचं होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी पोरं हंगामात शाळेत टिकवायची कशी, हे त्यांना धड कुणी सांगितलं नव्हतं. वयाच्या अटीत त्या तेवढं एकच वर्ष बसत होत्या. मला पुढंही अर्ज करता आला असता. हे मला ठाऊक होतं का? होतं. त्यांनीच सांगितलं होतं.

मुलाखतीला पुण्याला आम्ही एकाच एसटीनं निघालो. वाटेत मी विचारलं, "काय सांगणार बाई?"

त्यांनी सांगितलं. त्यांच्या वर्गात गावची पोरं आणि टोळीची पोरं नळावर भांडली होती, दगडापर्यंत गेलं होतं. बाईंनी कुणाला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाटक लावलं. सरपंचांच्या नातवानं टोळीतलं पोर व्हायचं, आणि टोळीतल्या पूजानं बाई. पूजा खुर्चीत बसली, बाईंसारखी खोकली आणि हजेरी घ्यायला लागली. गावच्या सगळ्या पोरांची नावं, तोंडपाठ. मग हजेरी मिटली. सरपंचांचा नातू नाटक विसरून म्हणाला, "आन् तुमची नावं? ऱ्हायली की."

"आमची कुठं असत्यात त्यात?" पूजा म्हणाली.

त्याच दिवशी बाईंनी त्या पोरांची नावं हजेरीत लिहिली. पुन्हा दगड उचलला गेला नाही.

हे सगळं त्यांनी खिडकीबाहेर बघत, सपाट आवाजात सांगितलं. आणि मी मनात म्हणत होतो — इथं थांबा घ्यायला हवा.

चोरी तेव्हाच झाली का? की नंतर?

आत मला आधी बोलावलं. वर्गातलं भांडण तुम्ही कसं मिटवलं, असं विचारलं. मी कसं मिटवणार? मी दोघांनाही अंगठे धरून उभं करतो. पण तोंड उघडलं आणि पूजा बाहेर आली. खोकल्यासकट. थांब्यासकट. एका परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. गोष्ट काय रंगली होती म्हणून सांगू! सांगायला लाज वाटते, पण आजही ते आठवलं की आधी आनंद होतो. मग बाकीचं आठवतं.

बाकीचं असं — माझ्यानंतर बाई आत गेल्या, आणि थोड्या वेळानं शिपाई मला परत बोलवायला आला. बाई रुमाल मुठीत धरून बसलेल्या. अध्यक्ष म्हणाले, "याही हीच हकीकत सांगतायत. वर्ग कोणाचा होता?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं? नाही हो. सुटल्यासारखं. सर आले, आता सर सांगतील — असं.

"माझा," मी म्हणालो.

येताना भिगवणला एसटी बदलायची होती. हॉटेलातून मासे तळल्याचा वास येत होता. मी विचारलं, "काही खाता का बाई?"

"न्हाय सर. तुमी खावा."

एवढंच. जागा मला मिळाली. त्यांनी शाळेत चकार शब्द काढला नाही. का? विचारायची माझी छाती झाली नाही. मी वर्षभरानं परतलो तेव्हा त्या बदली मागून कोऱ्हाळ्याला गेल्या होत्या. त्या शाळेवरून मी कितीदा तरी गेलो आहे. मोटारसायकल थांबवली नाही.

आता मी बारामतीत राहतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. मी पूजाची गोष्ट सांगतो, टाळ्या पडतात. संध्याकाळी खोलीवर येतो, भात लावतो. मोठ्यानं बोलून बघतो कधी कधी. थांब्यापाशी थांबतो — आणि थांबलेलाच राहतो. डबा उघडून शेजारी गप्प बसावं, असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. भेटलं असतं, तरी त्याच्या शेजारी मी गप्प बसू शकलो असतो का?

ती गोष्ट सांगताना मी पूजाचं नाव घेतो, सरपंचांच्या नातवाचं घेतो, नळाजवळच्या बाभळीचंसुद्धा सांगतो. बाईंच्या जागी 'मी' म्हणतो.

त्यांचं नाव अलका. वर्ग त्यांचा होता.