दाराजवळची बादली

वित्सेक द्रोज्देक यांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यात निम्मा मान होता आणि निम्मी थट्टा. आमच्या भागात शब्दावाचून नाटक उभं करणारा हा पहिला माणूस. त्याआधी मूकनट म्हणजे ज्याला संवाद पाठ होत नाहीत तो, एवढीच आमच्या गावाची समजूत होती. मास्तरांनी ती मोडली असं ते म्हणत, आणि गाव म्हणे, कुठे मोडली?

रंगमंचावर आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस खाली उतरल्यावर किती बोलू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने गावच्या संस्कृती भवनात त्यांच्या वर्गाला यावं. अर्धा वर्ग हातवारे, अर्धा वर्ग आठवणी. तिथेच मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते सगळ्यावर बोलत. फक्त आईवर आले की चहाचा पेला फिरवत बसत आणि दुसऱ्याच दिवशी पुढचं सांगत.

आईचं नाव रोझालिया. महायुद्ध संपल्यावर पूर्वेच्या ल्वूफकडच्या गावांतून मालगाडीत बसवून जी माणसं इकडे, पोलंडच्या पश्चिम टोकाला आणली, त्यांतली ती. इथले जर्मन निघून गेले होते, त्यांच्या चुली म्हणे अजून कोमट होत्या, आणि त्यांवर आमच्या आज्यांनी आपली भांडी चढवली. वित्सेक तेव्हा अंगावर पीत होता. मागचं घर त्याने पाहिलं असलं तरी पाहिल्यासारखं नव्हतं. त्याला माहीत होती ती आईची एक खोड. बाहेरून आली की उंबरठा ओलांडताना तिचा उजवा हात खाली जायचा, गुडघ्याच्या जरा वर, तळवा उघडा. तिथे नुसती भिंत होती. हात क्षणभर थांबायचा आणि चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा ओशाळून परत यायचा.

वित्सेकने ठरवून टाकलं की जुन्या घरात तिथे पाण्याची बादली असणार. ठरवलं, विचारलं नाही. आमच्याकडे मागच्या घराबद्दल विचारायची रीत नव्हती. कुणी विचारलंच तर घरातलं कुणीतरी उठून चहाचं आधण ठेवायला जायचं.

पुढे तो व्रोत्सवाफ शहरात गेला, दोन-चार सोबती जमवले, एका बंद पडलेल्या कपड्याच्या गोदामात तालमी सुरू केल्या. ज्या प्रयोगाने नाव झालं तो ‘बाई घरी येते’. डोक्याला रुमाल बांधून वित्सेक दारातून आत येई, हात खाली जाई, नसलेल्या बादलीतून नसलेलं पाणी पिई, मग बादलीच नाही हे ध्यानात येऊन घरभर शोधत फिरे. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत.

त्या दिवसांत प्रयोगाआधी संहिता सरकारी माणसाला दाखवावी लागे. संहिताच नाही म्हटल्यावर तो माणूस स्वतः तालमीला येऊन बसला, टोपी मांडीवर ठेवून. शेवटी त्याने एवढंच विचारलं, “त्या बादलीत नक्की पाणीच आहे ना?”

सगळे पोट धरून हसले. मास्तर ही गोष्ट पार्ट्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगत. मग एकदम सांगेनासे झाले. आम्ही कारण विचारलं तर म्हणाले, अख्ख्या पोलंडमध्ये त्याच एका गाढवाने बरोबर प्रश्न विचारला होता.

नाव झाल्यावर त्यांनी आईला प्रयोगाला बोलावलं. पहिली रांग. ती चर्चला जायची हॅट घालून आली. रंगमंचावरून त्यांनी पाहिलं: लोक हसत होते, आई हसत नव्हती, पण सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. बाहेर भेटल्यावर म्हणाली, “बारीक झालायस. खातोस की नाही?” एवढंच.

पुढच्या वेळी घरी गेल्यावर त्यांना दिसलं. आई अंगणातून आत आली ती उजव्या हातात लाकडाचा ओंडका घेऊन. नंतर आली ती पिशवी घेऊन. रविवारी चर्चहून आली तेव्हा लख्ख ऊन होतं आणि उजव्या हातात मिटलेली छत्री होती. ती आता त्या हाताला रिकामं घरात येऊच देत नव्हती.

त्या छत्रीने मास्तरांना खाल्लं. पण त्यांनी प्रयोग थांबवला असं समजू नका. प्राग झालं, बर्लिन झालं. टाळ्या मिळत होत्या, आणि टाळ्यांपुढे माणसाची अक्कल आणि लाज दोन्ही जरा मागे बसतात. फक्त आता रोज हात खाली नेताना छत्री आठवायची. सोबत्यांनी तक्रार केली की तुझी बाई हल्ली चोरासारखी घरात शिरते. तेही खरंच होतं.

शेवटी सप्टेंबरात, रोझालियाच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीच्या सणाला, ते फुलं घेऊन घरी गेले. आई ओट्यापाशी पिएरोगींच्या, उकडायच्या करंज्यांच्या, कडा चिमटत होती, बोटं पिठाने पांढरी. मास्तरांनी फुलं ठेवली, आणि त्यांच्या जातीच्या माणसाने करू नये ती चूक केली. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, छातीवर हात ठेवला, मान खाली घातली, मग तळवे उघडून दोन्ही हात पुढे केले. चोरलेलं परत करतो, असं त्यांना म्हणायचं होतं. फार सुंदर केलं असणार.

“ऊठ,” आई म्हणाली. “ते तिकीट काढून येणाऱ्यांना दाखव. मला तोंडाने सांग.”

सगळ्या पोलंडला गप्प राहून हसवणारा माणूस. त्याला एक वाक्य जमेना. कसंबसं म्हणाला, “आई, तुझा हात मी घेतला. तुला न विचारता. आणि त्यावर लोकांना हसवलं.”

आईने एक पिएरोगी पुरी केली, दुसरी घेतली.

“हसले त्याचं काही नाही. आम्ही कमी हसलोय का एकमेकांना. पण वित्सेक, ती बादली कुठून काढलीस?”

“मग काय होतं तिथे?”

“बुरेक. कुत्रा आपला. मी आले की दाराशी येऊन उभा राहायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मला पुढे जाऊ द्यायचा नाही. गाडीत कुत्री चढवू देत नव्हते.” मग ती म्हणाली, “मी पहिल्या रांगेत बसलेली, आणि तू बुरेकच्या डोक्यातून पाणी पितोयस.”

मास्तरांना हसू आलं, आणि त्याच हसण्याचं पुढे काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, मी प्रयोग बंद करतो, आजपासून. तू पहिल्यासारखी येत जा. एकदा दाखव मला, तो किती उंच होता.

“आता कसं दाखवू?” आईने पिठाचे हात फडक्याला पुसले. “आता हात खाली नेला की मला तूच दिसतोस, रुमाल बांधलेला. कुत्रा दिसत नाही. आता मी केलं तर ती तुझी नक्कल होईल रे.”

एवढं बोलून ती चहाचं आधण ठेवायला उठली.

प्रयोग खरंच बंद झाला. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, एका समीक्षकाने कलावंताच्या थकव्यावर लांबलचक लेख लिहिला. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि शेवटपर्यंत हातात काही ना काही धरूनच घरात आली. मास्तर गावात परतले, वर्ग काढला.

वर्गात परवा एका मुलीने विहिरीवरून पाणी आणणारी तिची आजी करून दाखवली. छान केली. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.

“आजी जिवंत आहे?”

“आहे की. इथेच, मागच्या गल्लीत.”

“मग पाणीच आहे ना ते? विचारलंस तिला?”

मुलगी हसली. बाकीचेही हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा तिचा कोट काढून तिच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.