बोर्डापुढे ताठ

आमच्या ह्यांची पाठ गेलेली आहे हे घरादाराला ठाऊक आहे, फक्त ह्यांनाच ठाऊक नाही. सकाळी बाजेवरून उठताना भिंतीचा आधार घेतात, डाव्या पायाला मुंग्या आल्या की कोणी बघत नाही असं पाहून पाय आपटतात, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मला काय झालंय? ठीक हाय." हे सैन्यात हवालदार होते. माणूस निवृत्त झाला, पण हे वाक्य अजून नोकरीतच आहे.

इजा तिकडं उत्तरेत झाली, बर्फात. ओझं घेऊन चढताना पाय घसरला आणि हे पाठीवर खडकावर आपटले. दवाखान्यात नोंद केली असती तर ह्यांना खाली पाठवलं असतं आणि ह्यांच्या वाट्याची गस्त दुसऱ्याच्या गळ्यात पडली असती. ते ह्यांना कमीपणाचं वाटलं. मलम चोळून गस्तीला गेले. पुढं सैन्यातून सुटताना डॉक्टरांनी काही त्रास आहे का विचारलं, तेव्हाही नाही म्हणाले. हे सगळं मला ह्यांच्या पलटणीतल्या जोडीदारानं एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. हे शेजारीच बसून बुंदी वाढून घेत होते.

पोखर्णीला घरी आल्यावर गंगाखेडच्या बाजूला एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याची नोकरी मिळाली. कायद्यात ह्याला माजी सैनिकाचं पुनर्वसन म्हणतात. आमच्या घरात ह्याला दिवसभर उभं राहणं म्हणतात. परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असेच उभे राहिले तर पाय जाईल. अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली तर गेट सोडतो, असा ह्यांनी मला शब्द दिला होता. त्या शब्दावर मी कामाला लागले.

पहिला अर्ज नामंजूर झाला. इजा नोकरीत झाली असेल तर तिची नोंदही नोकरीतच झालेली पाहिजे, असं उत्तर आलं. मी अंगणवाडी सेविका. साहेब लोकांसमोर बोलायची मला सवय आहे, म्हणून खेटे मीच घातले. वकील भला माणूस होता. त्याचं म्हणणं, हा नियम तक्रार करणाऱ्यासाठी लिहिलाय आणि फौज नेमकी तक्रार न करणारा माणूस तयार करते. तरी त्यानं अपील लढवलं, जोडीदाराची साक्ष लावली, आणि ह्यांची मेडिकल बोर्डापुढं पुन्हा तपासणी करायचा हुकूम झाला. मी नरसिंहाच्या देवळात नारळ फोडून आले.

परभणीला गाडीत बसल्यापासून मी ह्यांची उजळणी घेतली. पायाला मुंग्या येतात. वाकता येत नाही. उभं राहिलं की कळ मारते. अंगणवाडीतली लेकरं गाणं म्हणतात तसं हे घडाघडा म्हणून दाखवत होते. समोरच्या बाकावरची बाई हसायला लागली तेव्हा मीही हसले. खरं तर मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पर्यवेक्षिका आली की माझी लेकरंसुद्धा गाणं विसरतात.

लष्करी दवाखान्यात मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. वर्दीतले मोठे डॉक्टर आत आले, आणि ह्यांनी मी बळेच हातात दिलेली काठी भिंतीला टेकवली. टाचा जुळल्या, छाती पुढं आली. इतका ताठ माणूस मी आमच्या घरात कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"कैसे हो, हवालदार साहब?"

"एकदम ठीक, सर."

त्यांनी वाकायला सांगितलं. हे वाकले. कसे वाकले ते देवाला माहीत. मला फक्त मानेवरची शीर दिसत होती. डॉक्टरांनी शाबास म्हटलं आणि लिहायला घेतलं.

मी उठून दारात गेले. शिपाई अडवत होता तरी बोलले, "साहेब, हे खोटं बोलायलेत. ह्यांना लय त्रास हाय." डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी ह्यांच्याकडं बघून पुन्हा विचारलं. हे समोर बघत म्हणाले, "घरवाली है सर, फिकर करती है."

बाहेर आल्यावर हे बाकावर बसले, आणि मग ह्यांना उठता येईना. मला इतका राग आला होता की मी हात दिला नाही. थोड्या वेळानं हेच हळू आवाजात म्हणाले, "समोर साहेब व्हता. त्याच्यापुढं दुखायलंय म्हणून कसं सांगू?" मग मी हात दिला. दुसरं काय करणार होते?

निकाल आमच्या विरुद्ध गेला. हे गेटवर जातात.

मागं परभणीत माजी सैनिकांची बैठक झाली. पेन्शनचे नियम बदलायचे आहेत, सूचना करा, असं बोलावणं होतं. ह्यांना ड्युटी होती, मी एकटी गेले. बहुतेकांनी हक्काचं मागितलं, ते बरोबरच होतं. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, कायद्यात एवढंच घाला की ह्या माणसांच्या दुखण्याबद्दल एकट्या त्यांनाच विचारू नका, घरच्या माणसाचंही लिहून घ्या. सभागृहात बायका होत्या, त्यांनी माना डोलावल्या.

बैठक घेणाऱ्या साहेबांनी सूचना लिहून घेतली. चांगली आहे म्हणाले. मग पेन खाली ठेवून मला समजावून सांगितलं की वर पाठवायची तर तिच्यासोबत एखाद्या सैनिकाचं स्वतःचं निवेदन जोडावं लागेल. "तुमच्या मिस्टरांना एकदा पाठवा," ते म्हणाले, "त्यांना काय त्रास होतो ते त्यांनीच येऊन सांगू द्या."