तळमजल्यावरचा भपका

आशालताबाई आचोळ्यातल्या एका इमारतीत तळमजल्यावर एकट्याच राहतात. तीस वर्षं नर्स होत्या. पू, रक्त सगळं हाताळलं, कधी नाक मुरडलं नाही. शिसारी म्हणजे काय, ते निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरात कळलं.

मार्चमध्ये त्यांच्या संडासातून पोट गुरगुरावं तसे आवाज यायला लागले. मग एका सकाळी चहा पिताना आत एकदम 'भक्क' झालं. जाऊन बघतात तर भांड्यातलं पाणी उसळून भिंतीवर, बादलीत, टॉवेलवर. कुजक्या अंड्यांचा वास घरभर. हातातला चहा त्यांनी मोरीत ओतला.

सोसायटीचा सेक्रेटरी विघ्नेश म्हणाला, "काकू, ॲसिड टाका. तुमच्याच लायनीत काहीतरी अडकलंय."

ॲसिड टाकलं. उसळ्या चालूच. बाई दिवसातून तीनदा फरशी घासत, तरी जेवायला बसलं की घास तोंडातच फिरायचा. शेवटी त्यांनी प्लंबर फर्डिनंडला बोलावलं. तो भांड्याकडे एकदा बघून सरळ गच्चीवर गेला. बाई धापा टाकत मागोमाग. मैल्याच्या टाकीतून वर आलेल्या पाइपाचं तोंड कुणीतरी सिमेंटने लिंपलं होतं.

"खाली घाण कुजते, तिचा गॅस होतो. तो इथून जायचा," फर्डिनंड म्हणाला. "आता वाटच नाय. तुमच्या भांड्यातलं बोटभर पानी तेवढं त्याला अडवतं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की गॅस दबतो, नि पानी फोडून एकदम सुटतो. तोच आवाज."

लिंपलं होतं विघ्नेशनेच.

"गच्चीवर मुलीचा वाढदिवस होता ना," तो म्हणाला. "पाहुण्यांना वास यायचा."

"म्हणून माझ्या घरात सोडलास?"

बाईंनी त्याला आपल्या संडासाच्या दारात उभं केलं आणि पहिल्या मजल्यावर गेलेल्या फर्डिनंडला हाक मारली, "ओढ रे!" वर पाणी सुटलं, खाली भक्क. विघ्नेशची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. तो तोंड दाबून बाहेर पळत होता, पण बाईंनी फिनेलची बाटली आणि ब्रश पुढे धरला.

"आधी पूस."

त्याने उमासे दाबत पुसलं. त्याच दुपारी फर्डिनंडने सिमेंट फोडलं, पाइप पुरुषभर उंच केला, वर जाळी बसवली. आवाज बंद झाले.

विघ्नेशने माफी काही मागितली नाही. जिन्यात भेटला की "काकू, बऱ्या ना?" विचारतो. बाई पदर नाकाला लावून पुढे जातात.